२४० वॅटच्या संगणकात १२० वॅटचे कार्ड

जुन्या संगणकात ग्राफिक्स कार्ड, म्हणजे स्क्रीनवरचे चित्र तयार करणारे कार्ड, बसवायचे म्हटले की गिऱ्हाईक आधी कार्डाची किंमत विचारते आणि मी आधी एसएमपीएसवरचे, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या भागावरचे, लेबल वाचतो. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या दुरुस्तीच्या दुकानात हा क्रम ठरलेलाच आहे. पण तो चुकला तर काय होते, हे गेल्या पावसाळ्यात शिवाजी उद्यमनगर या कारखान्यांच्या वसाहतीतून आलेल्या एका संगणकाने फार स्पष्ट दाखवले.

संगणक घेऊन आलेले काका फाउंड्रीवाल्यांसाठी कास्टिंगचे पॅटर्न, म्हणजे ओतकामाचा साचा ज्यावरून करतात ते नमुने, तयार करतात आणि त्यांचे सगळे आरेखन याच यंत्रावर चालते. चौथ्या पिढीचा आय-५ प्रोसेसर, ८ जीबी रॅम आणि कार्यालयांत वापरतात तसला, कंपनीकडून तयार आलेला डबा. मोठे मॉडेल स्क्रीनवर फिरवताना अडखळते म्हणून त्यांच्या पुतण्याने कुठूनतरी जीटीएक्स १०६० हे जुने कार्ड आणून बसवले होते. तेव्हापासून साधे काम ठीक चालायचे, पण मॉडेल फिरवायला घेतले की संगणक एकदम बंद पडायचा. "मदरबोर्ड गेलाय म्हणत्यात, नवीनच घ्या म्हणत्यात. तुम्ही एकदा बघा की," असे ते म्हणाले, तेव्हा त्यांच्या आवाजात खर्चापेक्षा हातातले काम अडल्याची चिंता जास्त होती.

मी त्यांना एकच प्रश्न विचारला : बंद पडल्यावर तो लगेच चालू होतो का? होत नाही, मागची वायर काढून थोड्या वेळाने लावली की होतो, असे त्यांनी सांगितले आणि माझा संशय मदरबोर्डावरून एसएमपीएसकडे वळला, कारण क्षमतेपेक्षा जास्त भार आला की एसएमपीएसमधले संरक्षण असेच वागते. झाकण काढले तर आत बिडाची बारीक काळी धूळ साचलेली होती. उद्यमनगरातल्या संगणकांत ती सर्रास सापडते आणि त्यात लोखंड असल्यामुळे साध्या धुळीपेक्षा ती कितीतरी घातक असते. ब्रश आणि ब्लोअरने ती काढल्यावर खरे दुखणे दिसले. एसएमपीएस होता २४० वॅटचा आणि त्याला ग्राफिक्स कार्डासाठीची सहा पिनांची वायरच नव्हती. म्हणून हार्ड डिस्कच्या साटा वायरीला कन्व्हर्टर जोडून कार्डाला वीज दिलेली होती. त्या कन्व्हर्टरचे पांढरे प्लास्टिक पिवळ्या तारेजवळ तपकिरी होऊन मऊ पडले होते आणि एक पिन आत वाकडी झाली होती.

हे धोक्याचे का, ते मी काकांना कागदावर आकडे मांडून दाखवले. साटाच्या जोडणीत १२ व्होल्टच्या तीन पिना असतात आणि प्रत्येकीची मर्यादा दीड अँपिअरची, म्हणजे सगळ्या मिळून ५४ वॅट. उलट सहा पिनांची जोडणी ७५ वॅटसाठी बनवलेली असते. जीटीएक्स १०६० पूर्ण भारावर १२० वॅट घेते. त्यातली काही वीज मदरबोर्डावरच्या स्लॉटमधून, म्हणजे कार्ड बसते त्या खाचेतून, येते आणि उरलेली सगळी त्या नाजूक पिनांमधून. टायपिंग करताना कार्ड जवळजवळ रिकामे बसलेले असते, त्यामुळे काहीच जाणवत नाही. मॉडेल फिरू लागले की कार्ड आणि ८४ वॅटचा प्रोसेसर एकाच वेळी वीज ओढू लागतात, म्हणजे दोघांचेच २०४ वॅट झाले, बाकीच्या भागांची वीज वेगळीच. संगणक बंद पडत होता हे एका अर्थाने बरेच होते, नाहीतर ते प्लास्टिक पेटायला वेळ लागला नसता.

मोठा एसएमपीएस बसवणे हा सरळ उपाय वाटतो, पण अशा कंपनीच्या डब्यांत मदरबोर्डाची जोडणी नेहमीच्या २४ पिनांची नसते आणि एसएमपीएसचा आकारही वेगळाच असतो. त्यामुळे फक्त स्लॉटच्या विजेवर, म्हणजे ७५ वॅटच्या आत, चालणारे कार्ड शोधणे भाग होते. आरएक्स ६४०० ला ५३ वॅट पुरतात, पण ते माहिती ने-आण करणाऱ्या चारच लेनवर चालते आणि पीसीआय एक्स्प्रेस ३.० या जुन्या पिढीचा स्लॉट असलेल्या मदरबोर्डावर त्याचा वेग घटतो, म्हणून मी ते टाळले. जीटीएक्स १६५० चा वेगळी वायर न लागणारा नमुना निवडला. काकांच्या मॉनिटरला फक्त व्हीजीए हे जुन्या पद्धतीचे कनेक्शन होते आणि या कार्डाला ते नसते, तेव्हा एचडीएमआयवरून व्हीजीए करणारा कन्व्हर्टर लावला.

संध्याकाळी काकांनी स्वतःच पंपाच्या केसिंगचे मॉडेल उघडून बराच वेळ फिरवून पाहिले आणि संगणक एकदाही थांबला नाही. मात्र मॉडेलमधले माप बदलल्यावर ते नव्याने तयार व्हायला लागणारा वेळ कमी होणार नाही, कारण ते काम मुख्यतः प्रोसेसरचे असते, हे मी त्यांना पैसे घेण्याआधीच सांगितले. मायक्रोसॉफ्टच्या यादीप्रमाणे हा प्रोसेसर विंडोज ११ साठी पात्र नाही आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ पर्यंतच होता, हेही त्यांच्या कानावर घातले. जीटीएक्स १०६० आमच्या टेबलावरच्या मोठ्या एसएमपीएसवर तपासले तेव्हा ते ठणठणीत निघाले. ते मी पुतण्यासाठी परत दिले, पण कन्व्हर्टर दिला नाही. एसएमपीएसमधूनच सहा पिनांची वायर निघत असेल अशाच संगणकात हे कार्ड बसवायचे, असे बजावून सांगितले.