तारेतली कुपनं

दुपारी विजेचं बिल तारेत अडकवायला गेलो तर तार गच्च भरलेली. आमच्या घरात कागद फेकत नाहीत. फेकला की नेमका तोच लागतो. म्हणून वरचे कागद उपसायला बसलो, आणि अगदी बुडाशी, चकतीला चिकटलेली, बापूकाकाच्या मनिऑर्डरची कुपनं हाती लागली.

काका लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर. पोस्टमन पैसे मोजून द्यायचा, खालचं कुपन फाडून वाचून दाखवायचा आणि आजी ते तारेत टोचायची. जागा दोन-चार ओळींची. 1975-76 ची कुपनं मुद्दाम शोधून वाचली. देशात आणीबाणी, आणि काका लिहितोय, 'पावसाआधी कौले परतून घेणे. म्हशीचे कळवणे.' 1977 चं एक मात्र उत्साहात आहे: 'आपले दंडवते रेल्वेमंत्री झाले. आता गाडी येणार.' आजीने लगेच स्टेशन आपल्या काजीच्या भरडावर येऊ नये म्हणून वेतोबाला नारळ बोलला. गाडी मुंबईपासून सलग धावायला 1998 उजाडलं. भरड वाचलं, आजी नव्हती.

1 मे 1981 ला आमचा जिल्हा सिंधुदुर्ग झाला, तरी काका पत्त्यात रत्नागिरीच लिहीत राहिला. पोस्टमन करवादायचा, "ह्येंका कोण सांगतलो?"

मग 18 जानेवारी 1982. मुंबईतल्या गिरण्यांचा संप. त्यानंतरचं कुपनच नाही.

डॉ. दत्ता सामंत, अडीच लाख कामगार, हे सगळं मी पुढे वाचलं. तेव्हा दिसायचं ते एवढंच, की पोस्टमन आमच्या बेड्यापाशी आला की सायकलवरून उतरायचा नाही, उलट मान वळवून पलीकडच्या माडांकडे बघत जोरात पायडल मारायचा. आजी ओटीवरून विचारायचीच, "संप सुटलो काय रे?" शिमग्याक काका ट्रंक घेऊन आला. "म्हयन्याभरात सुटतलो," म्हणाला. चतुर्थी आली, भात कापून झालं, काका इथेच. संप मागे घेतल्याचं कोणी कधी जाहीर केलंच नाही, त्यामुळे आजीला शेवटपर्यंत नीट उत्तर मिळालं नाही.

काका त्या दिवसांबद्दल बोलायचा नाही. मोर्चे, रेशन, चाळीतले शेजारी, काही नाही. गावात सगळे त्याला शांत माणूस म्हणायचे. फक्त लग्नाकार्यात आहेराचा टॉवेल हातात आला, की तो कोपरा चिमटीत धरून चोळायचा, उजेडासमोर धरायचा आणि देणाऱ्याच्या तोंडावर सांगायचा, "पावरलूमचो आसा. दोन धुण्यात जातलो."

आम्हाला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.