सिडनीच्या ऑपेरा हाऊसखालची जमीन

सिडनी ऑपेरा हाऊस म्हटलं की आपल्याकडे दोन गोष्टी हमखास सांगतात, एक म्हणजे डॅनिश आर्किटेक्ट उट्झन भांडण होऊन काम अर्धवट सोडून गेला आणि दुसरी छतावरच्या दहा लाखांहून जास्त टाइल्सची. बहुतेक ट्रॅव्हल व्लॉग तिथूनच सुरू होतात, जणू १९५९ ला बांधकाम सुरू व्हायच्या आधी तिथे काही नव्हतंच. मला याचा खरंच त्रास होतो, कारण ती जमीन कोणाची होती, तिथे काय घडलं हे सगळं लिहून ठेवलेलं आहे आणि बरंचसं तर इंग्रजांनीच लिहिलंय.

ऑपेरा हाऊस बंदरात घुसलेल्या जमिनीच्या ज्या टोकावर उभं आहे त्याचं जुनं नाव तुबोगुली, जागा गाडिगल या मूळ रहिवासी लोकांची. भरतीला ते टोक बेटासारखं तुटायचं, ओहोटीला चालत जाता यायचं. आणि तिथे कालवांच्या शिंपल्यांचे ढीग होते, पिढ्यान्पिढ्या लोक तिथे बसून जेवले आणि शिंपले तिथेच टाकत गेले त्याचे. जानेवारी १७८८ मध्ये वसाहत करायला कैदी घेऊन इंग्रजांची जहाजं आली, त्यांनी आणलेली गुरं याच टोकावर ठेवली, आणि मग विटांची घरं बांधायला घेतली तर चुना कुठून आणायचा, जवळपास चुनखडीच नाही. कोकणात शिंपले भाजून चुना करायचे तसाच इथेही केला, फक्त त्यासाठी हे ढीग उपसले, गोळा करायला कैदी बायकांना लावलं. म्हणजे एका समाजाच्या एवढ्या मोठ्या काळाच्या जगण्याच्या खुणा भट्टीत गेल्या आणि तिथून नव्या शहराच्या भिंतींत. "त्यांचं इथे होतं काय" असं म्हणणारे भेटतात तेव्हा मी हीच गोष्ट सांगते.

१७८९ ला देवीची साथ आली आणि आसपासची जवळजवळ निम्मी मूळ माणसं त्यात गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरात या वसाहतीचा गव्हर्नर फिलिप याच्या हुकमावरून मॅन्लीच्या किनाऱ्यावर दोघांना पकडून आणलं, कोलबी आणि वांगल जमातीचा बेनेलाँग. पायात बेडी घालून ठेवलं, कारण काय तर यांची भाषा शिकायची, यांच्याशी बोलणं सुरू करायचं! ज्या ब्रॅडली नावाच्या अधिकाऱ्याने हे काम केलं त्यानेच लिहून ठेवलंय की मला मिळालेल्या हुकमांतलं हे सगळ्यात नकोसं काम होतं. पुढे बेनेलाँग निसटला, नंतर स्वतःच्या अटींवर परत यायला लागला, आणि फिलिपने त्याला बारा फूट बाय बारा फूट विटांची खोली बांधून दिली, जागा त्याने स्वतः निवडली, ती हीच. म्हणून आज त्याला बेनेलाँग पॉइंट म्हणतात. नाव सगळे सांगतात पण बेडीचं कोणी सांगत नाही.

त्याची बायको बारांगारू, कॅमेरेगल जमातीची, तिच्याबद्दल तर मी तासभर बोलू शकते. या बंदरात मासेमारी बायकांची होती, झाडाच्या सालीची होडी, तिला ते नावी म्हणायचे, त्यात मातीवर पेटवलेला विस्तव, मांडीवर पोर, आणि शिंपल्याचा गळ. घर चालायचं ते यांच्या माशांवर. १७९० मध्ये इंग्रजांनी जाळी टाकून एका दिवसात सुमारे चार हजार मासे ओढले, त्या बायकांना काय वाटलं असेल विचार करा. बारांगारूने इंग्रजांचे कपडे कधी धड अंगाला लावले नाहीत, गव्हर्नरच्या टेबलावर सुद्धा नाही, आणि बेनेलाँगने त्यांच्यात फार मिसळलेलं तिला अजिबात आवडायचं नाही. १७९१ ला ती गेली. माझ्या मते या सगळ्यात पुढचं सगळ्यात स्पष्ट तिलाच दिसत होतं.

बेनेलाँग १७९२ ला फिलिपबरोबर इंग्लंडला गेला, सोबत येमेरावानी नावाचा तरुण होता तो तिकडेच वारला, हा १७९५ ला परतला. नंतर त्या टोकाचं काय झालं ते थोडक्यात, मधली खाच दगडांनी बुजवून १८२१ पर्यंत किल्ला बांधला, तो पाडून ट्राम डेपो केला, डेपो पाडून ऑपेरा हाऊस, १९७३ ला उद्घाटन.

आता गोष्टी थोड्या बदलतायत, २०१७ पासून छतावर बादू गिली नावाचा लाइट शो होतो, त्यात मूळ रहिवासी कलाकारांचं काम दिसतं, आणि बारांगारूच्या नावाने तर आता अख्खा भाग आहे, मेट्रो स्टेशन पण आहे. हे चांगलंच आहे पण लाइट शो बघून लोक लगेच जेवायला जातात, कोणाची गोष्ट होती ते विचारत नाहीत.

तुम्ही सिडनीला येणार असाल तर एक करा, ऑपेरा हाऊसजवळच्या सर्क्युलर की धक्क्यावरून पॅरामाटा नदीची फेरीबोट घ्या आणि किसिंग पॉइंटला उतरा. बेनेलाँग १८१३ ला वारला, त्याला तिथेच जवळ पटनीला एका बागेत पुरलं होतं, आता तिथे घरं आहेत. फोटो काढण्यासारखं तिथे फार काही नाही, तरी जा, आणि सोबत मुलं असतील तर त्यांना बेडीपासूनची सगळी गोष्ट सांगा.