ऊन कुठल्या रंगाने काढता?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, कारण डेमो संपला की कोणीतरी येऊन हे विचारतंच, सर तुमचं ऊन कुठल्या यलोचं? कुठल्याच नाही हो, ऊन म्हणजे माझा कोरा कागद. जलरंगात मी पांढरा घेतच नाही, त्यामुळे उजेड राखायचा असतो आणि रंगवायची असते ती सावली.

वाईजवळ मेणवलीचा घाट आहे ना, नाना फडणवीसांच्या वाड्यामागचा, तिथे मी वर्षानुवर्षं बसतोय. पायऱ्या काळ्या दगडाच्या, तरी उन्हात तो दगड इतका उजळतो की त्याचा टोन, म्हणजे उजळ-गडदपणा, आणि सावलीत वाळत घातलेल्या पांढऱ्या धोतराचा टोन जवळपास सारखाच येतो, डोळे बारीक करून बघा, पटेल. पण आपल्या डोक्यात दगड काळा आणि धोतर पांढरं हे इतकं पक्कं बसलेलं असतं की हात तेच काढतो, आणि तिथेच चित्रातलं ऊन जातं.

बसल्या बसल्या आधी सावलीची कड पेन्सिलने धरून ठेवतो, सूर्य तासाला 15 अंश सरकतो, सावलीच्या मागे धावलात तर चित्रात दोन-दोन सूर्य होतात. मग अल्ट्रामरीन हा निळा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी, सगळी सावली एकाच ओल्या वॉशमध्ये, म्हणजे पातळ रंगाच्या एका थरात. वर आभाळ दिसतं तिकडे निळा जास्त, कारण सावलीत ऊन नसलं तरी आभाळाचा उजेड असतोच, आणि खाली जिथे उन्हातल्या फरशीचा उजेड उलटा चढतो तिथे सिएना. वॉश पडला की हात मागे. परत ब्रश लावला की मळलंच, हे मी शेकडो कागद वाया घालवून शिकलोय. काळी ट्यूब माझ्याकडे नाही, काळ्यात हे निळं-तांबडं काहीच उरत नाही.

सावंतवाडीचे चित्रकार सा. ल. हळदणकर यांचं ते समईवालीचं चित्र म्हैसूरला जगनमोहन पॅलेसमध्ये आहे, जलरंगातलं, कधी गेलात तर ज्योतीआड धरलेल्या हातापाशी थांबा. तिथली बोटं अक्षरशः पेटलेली वाटतात. मग नजर तशीच मागच्या भिंतीवर न्या, तिच्या त्या मोठ्या सावलीवर.