मायनरची बोली: रत्नागिरीच्या टेबलावरची पावसाळी नोंद

या पावसाळ्यात ब्रिजच्या सरावाला एकच विषय धरलाय: किलवर आणि चौकट, म्हणजे कमी भावाचे दोन 'मायनर' रंग (बदाम आणि इस्पिक हे मेजर). इन्व्हर्टेड रेझ (भिडूच्या मायनरला उलट्या अर्थाने दिलेली साथ) आता अंगवळणी पडलंय, नो ट्रम्पवरचे (बिनहुकमी बोलीवरचे) मायनर ट्रान्सफर (खालच्या बोलीने आपला मायनर सांगणं) बसत आलेत, स्लॅमची (बारा-तेरा हातांच्या बोलीची) विचारणा अजून कच्ची आहे. सगळ्यांत जड जातंय ते वेगळंच. हुकूम सापडला तरी तो सोडायचा, हे पचत नाही. इथे बहुतेकांचा हात मेंढीकोटावर बसलेला. गौरी-गणपतीच्या जागरणात पहाटेपर्यंत हुकूम मारून मेंढ्या पकडलेल्या. त्या खेळात चारही रंगांचा भाव सारखा. ब्रिजमध्ये तसं नाही.

हिशेब पुन्हा एकदा, कारण बोलीच्या भरात तो विसरतो. गेमला (मोठा बोनस मिळणाऱ्या बोलीला) १०० पॉइंट लागतात, आणि पहिले सहा हात त्यात धरत नाहीत. त्यापुढचा मायनरचा हात २० चा, म्हणून ११ हात करायचे. नो ट्रम्पचा पहिला हात ४० आणि पुढचे ३० चे, म्हणून ९ पुरतात. पेअर्समध्ये (जिथे तीच पानं खेळलेल्या इतर जोड्यांशी तुलना होते), नॉन-व्हल्नरेबल (बोनस आणि दंड कमी) असताना, ३ नो ट्रम्पवर १० हात केले की ३०० च्या बोनससकट ४३०. ५ चौकटवर ११ केले तर ४००, आणि १२ केले तरी ४२०! म्हणजे एक हात जास्त करूनही बोर्ड (तो डाव) गेला. टीम्समध्ये ४३० आणि ४०० मधला फरक फक्त १ इम्पचा (दोन टेबलांतला फरक मोजायचं माप), पण ३ नो ट्रम्प एकाने बुडालं आणि समोरच्या टेबलावर ५ चौकट झालं तर १० इम्प जातात. व्हल्नरेबल असाल तर १२. त्यामुळे पेअर्समध्ये थोडं धाडस चालतं, टीम्समध्ये चारही रंग तपासल्याशिवाय ३ नो ट्रम्प म्हणू नये.

आता इन्व्हर्टेड रेझ. १ चौकटवर २ चौकट म्हणजे पानांचे १० किंवा जास्त पॉइंट (एक्का ४, राजा ३, राणी २, गुलाम १), चार पानी मेजर नाही, आणि किमान २ नो ट्रम्प किंवा ३ चौकटपर्यंत पास करायचं नाही. ३ चौकट म्हणजे कमजोर, पाच पानं, वाट अडवण्यापुरतं. किलवरला पाच पानं असल्याशिवाय २ किलवर म्हणू नका. ओपनरकडे (पहिली बोली करणाऱ्याकडे) तीनच असू शकतात. चौकटीला मात्र चार चालतात, कारण पाच पानी मेजरच्या पद्धतीत तीन चौकटींवर १ चौकट एकाच आकारात येतं: ४-४ मेजर, तीन चौकट, दोन किलवर.

खरी मेहनत पुढच्या बोलीवर आहे. ओपनरला दोन्ही मेजरमध्ये स्टॉपर (तो रंग अडवणारं पान) आणि १२-१४ पॉइंट असतील तर २ नो ट्रम्प. एकाच मेजरमध्ये स्टॉपर असेल तर तो रंग दोनवर दाखवायचा. हा पाहा सरावातला एक बोर्ड:

ओपनर: इस्पिक ७ ४, बदाम एक्का ८ ६, चौकट राजा राणी १० ५, किलवर राजा राणी ८ २.
भिडू: इस्पिक ९ ३; बदाम राजा राणी २; चौकट एक्का गुलाम ८ ६ ३; किलवर एक्का १० ४.

दोघांत मिळून २८ पॉइंट. बोली अशी: १ चौकट – २ चौकट – २ बदाम – ३ किलवर – ३ चौकट – ५ चौकट. २ बदाम ऐकताच भिडूला कळतं की इस्पिकात ओपनरकडे काही नाही, नाहीतर तो २ नो ट्रम्प म्हणाला असता. ३ किलवर म्हणून भिडू किलवर दाखवतो आणि इस्पिकाबद्दल गप्प राहतो. चौकटचे पाच, बदामचे तीन, किलवरचे तीन असे ११ हात वरच्या पानांनीच होतात, जातात ते इस्पिकचे दोनच. ३ नो ट्रम्पवर इस्पिकची उतारी झाली, बाहेरचे नऊ इस्पिक ५-४ वाटलेले असले आणि रंग कुठे अडकला नाही, तर पहिले पाच हात त्यांचे. २८ पॉइंट मोजून ३ नो ट्रम्पवर झेप घेणारे इथेच बुडतात.

याच बोर्डात ओपनरला इस्पिक ७ ४ ऐवजी राजा ४ आणि किलवरच्या राजाऐवजी ७ द्या, तो २ नो ट्रम्प म्हणेल आणि भिडू ३ नो ट्रम्प. इथे कोण आधी नो ट्रम्प म्हणतो याला महत्त्व आहे. राजा-४ ज्याच्या हातात, त्याच्याकडे उतारी येत आली पाहिजे. तोच राजा डमीत (भिडूच्या टेबलावर मांडलेल्या पानांत) उघडा पडला तर उतारी त्याच्यातून जाते आणि मागे एक्का बसलेला असू शकतो. अर्ध्या स्टॉपरचंही ठरवून घेतलंय: ३ चौकटनंतर भिडूने ३ इस्पिक म्हटलं तर त्याच्याकडे गुलामासकट तीन किंवा राणीसकट दोन पानं. राणी-एक समोर गुलाम-दोन असेल तर एक्का-राजा गेल्यावर तिसरा हात आपलाच, म्हणजे स्टॉपर पुरा झाला.

असे बोर्ड नुसते पिसून वाटले तर क्वचितच येतात. सोपा उपाय: चार चौकट ओपनरला, पाच चौकट भिडूला आधीच द्या. उरलेली ४३ पानं नीट पिसून ओपनरला ९, भिडूला ८ आणि इतर दोघांना तेरा-तेरा वाटा. भिडूकडे चार पानी मेजर आलं किंवा ओपनरचे १२ पॉइंट भरले नाहीत तर बोर्ड मोडा. पत्ते प्लॅस्टिकचेच घ्या. कागदी पत्ते आषाढात फुगतात, बोर्डाच्या कप्प्यात अडकतात आणि पिसताना दोन-दोन चिकटून येतात.

१ नो ट्रम्पवरचे ट्रान्सफर थोडक्यात. २ इस्पिक म्हणजे किलवर, २ नो ट्रम्प म्हणजे चौकट. मधली पायरी (किलवरला २ नो ट्रम्प, चौकटला ३ किलवर) ओपनरने म्हटली तर त्याच्याकडे त्या रंगात तीन पानं आणि वरचं चित्र आहे. भिडूकडे किलवर राजा राणी ९ ७ ५ २ आणि बाहेर काहीच नसेल, तर मधली पायरी ऐकून ३ नो ट्रम्प म्हणावं. समोर एक्का ६ ३ असला तर बाहेरचे चार किलवर २-२ किंवा ३-१ वाटले की सहा हात तयार, आणि तसं ९०% वेळा होतं. उरलेले तीन हात १५-१७ पॉइंटवाल्याने शोधायचे. मधली पायरी आली नाही तर ३ किलवरवर पास.

कच्चं राहिलंय ते की-कार्ड (चार एक्के आणि हुकमाचा राजा) विचारणं. किलवर हुकूम असताना ४ नो ट्रम्प विचारलं आणि उत्तर ५ चौकट आलं तर ५ किलवर मागे पडलं. दोन की-कार्ड कमी असली तरी थांबायला जागा नाही. म्हणून मायनर ठरल्यावर त्याच रंगाचे चार ही विचारणा. किलवरला ४ किलवर. उत्तरं पायरीने: ४ चौकट १ किंवा ४, ४ बदाम ० किंवा ३, ४ इस्पिक दोन पण हुकमाची राणी नाही, ४ नो ट्रम्प राणीसकट दोन. घोटाळा होतो तो रंग ठरला की नाही यावरून. आमची अट: तो रंग आधी दोघांनी म्हटलेला असावा आणि प्रतिस्पर्धी मध्ये बोललेले नसावेत, नाहीतर ४ किलवर साधी बोली. शिवाय यामुळे ४ किलवरवर थांबणं संपतं, ही किंमत मान्य करावी लागते.

गणपतीला चाकरमानी आले की टेबलं भरतात, आणि मुंबईचा भिडू आपली पद्धत घेऊन येतो. बसण्याआधी एवढं तरी विचारा: १ चौकटवर डावीकडून १ इस्पिक आलं तर इन्व्हर्टेड चालू की बंद? आमच्याकडे बंद. मग २ चौकट साधं रेझ, १० च्या खाली. जोरदार पानांना २ इस्पिक, आणि डबल म्हणजे चार बदाम.