केसरबाईंच्या जुन्या तबकड्यांचं संकलन: आधी षड्ज तपासा

केसरबाई केरकरांचं गाणं आज आपल्यापर्यंत पोहोचतं ते बहुतेक मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांतून. 'ब्रॉडकास्ट' आणि एचएमव्ही या लेबलांवर निघालेल्या या बाजू पुढे एलपीवर आल्या, मग कॅसेटवर, सीडीवर आणि आता स्ट्रीमिंगवर. म्हणजे कानावर येतं ती बहुधा नकलेची नक्कल. एकच नट कामोद दोन संकलनांत दोन वेगळ्या बायकांनी गायल्यासारखा वाटतो, त्याचं कारण इथे आहे.

बहुतेक जण पहिला प्रश्न विचारतात तो खरखरीचा. खरखर कानाला सवयीची होते. चुकीचा वेग मात्र गाणंच बदलून टाकतो.

'७८' हा आकडा सगळ्याच तबकड्यांनी पाळला असं नाही. विशेषतः १९२५च्या आधीची, भोंग्यासमोर गाऊन केलेली मुद्रणं कधी सत्तरच्या आसपास, तर कधी ऐंशीच्याही वर झालेली आहेत. विजेवर मुद्रण सुरू झाल्यावर फरक कमी झाला, पण संपला नाही. शिवाय नक्कल करणाऱ्याच्या यंत्राचाही वेग असतोच. वेग साधारण सहा टक्के वाढला की सूर अर्ध्या स्वराने चढतो, म्हणजे पेटीवर एक पट्टी वर. सोबत लय वाढते आणि आवाजाचा पोतही बदलतो. केसरबाईंचा आवाज रुंद, भरदार, तळाशी वजन असलेला. तो अर्धी पट्टी चढला तरी बारीक होतो आणि दमदार तान उगाच घाईची वाटते. मग ऐकणारा म्हणतो, 'एवढं नाव ऐकलं होतं, पण…' दोष गायिकेचा नसतो, फिरणाऱ्या चकतीचा असतो.

तपासायची एक सोपी रीत आहे. दोन संकलनांतली तीच बाजू घ्या आणि पहिल्या स्वरापासून शेवटच्या स्वरापर्यंतचा वेळ मोजा. फाइलची लांबी धरू नका, कारण आगेमागे सोडलेली शांतता प्रत्येकाची वेगळी असते. एकीकडे ३ मिनिटं २० सेकंद आणि दुसरीकडे ३ मिनिटं ९ सेकंद आले, तर दोन्हींत जवळजवळ पूर्ण अर्ध्या स्वराचा फरक आहे. यातलं बरोबर कुठलं, हे घड्याळ सांगत नाही. साथीला पेटी असेल तर थोडा आधार मिळतो: षड्ज दोन पट्ट्यांच्या मधोमध लटकत असेल तर वेगाबद्दल शंका घ्या. अर्थात त्या काळच्या सगळ्या पेट्या आजच्या मापाला लावलेल्या नव्हत्या, त्यामुळे ही साक्ष अर्धीच. तानपुरा, सारंगी आणि तबला तर गायकाच्याच स्वराला लावलेले, त्यांची साक्ष काय कामाची?

त्याहून भरवशाचं म्हणजे एकाच बैठकीत मुद्रित झालेल्या बाजू एकमेकींशी ताडून पाहणं. त्यासाठी मॅट्रिक्स क्रमांक, म्हणजे मुद्रणाच्या क्रमाने प्रत्येक बाजूला दिलेला आकडा, लागतो. तो लेबल आणि शेवटची खाच यांच्या मधल्या गुळगुळीत पट्टीवर कोरलेला असतो. लेबलावर ठळक छापलेला असतो तो विक्रीचा क्रमांक, त्यावरून मुद्रणाचा क्रम लागत नाही. लागोपाठच्या मॅट्रिक्समध्ये षड्ज पाव पट्टीने सरकलेला दिसला तर गडबड वेगाची समजावी. इथे एक फसगत होते. ठुमरी-भैरवीसाठी गायक कधी मध्यमालाच षड्ज मानून गातात. त्यामुळे ख्याल आणि ठुमरी यांच्या षड्जात मध्यमाचं नेमकं अंतर आढळलं तर तो दोष नव्हे. ते अंतर 'सुधारणारे' महाभागही असतात.

सुईचंही तसंच. एलपीची सुई टोकाला साधारण १८ मायक्रॉनची, ७८ची ७५च्या आसपास. एलपीची सुई जुन्या खाचेत थेट तळाला जाऊन बसते, आणि शतकभराचा गाळ तिथेच साचलेला. आवाज पातळ आणि फसफसता येतो. जाणकार थोड्या थोड्या फरकाच्या दोन-तीन सुया लावून बघतात, कारण खाचेच्या भिंतीचा एखादा पट्टा पूर्वीच्या पोलादी पिनांनी झिजवलेला नसतो. जुन्या ग्रामोफोनच्या साउंडबॉक्सचा, म्हणजे पिन धरणाऱ्या डोक्याचा, भार शंभर ग्रॅमहून जास्त असे. भिंत सगळ्यात आधी फाटते ती आवाज मोठा असेल तिथे, म्हणजे तार षड्जावर आणि तानेच्या टोकावर. तिथला फाटका आवाज कुठलंही सॉफ्टवेअर पूर्ण शिवून देत नाही; दुसरी प्रत शोधणं हाच उपाय.

यात तबकडीच्या भूमितीची भर पडते. दहा इंची तबकडीच्या कडेला सुई सेकंदाला जवळजवळ एक मीटर धावते, लेबलापाशी त्याच्या निम्म्याहूनही कमी. म्हणून बाजूच्या अखेरीस वरचे नाद मंदावतात. आणि तीन-साडेतीन मिनिटांच्या बंदिशीत तानांची झड येते कधी? नेमकी अखेरीस. सुरुवातीचा मुखडा स्वच्छ आणि शेवटच्या ताना धुरकट, असं ऐकू आलं तर हे लक्षात ठेवा.

घरी तबकडी असेल आणि स्वतः नक्कल करायची असेल, तर स्पिरिट किंवा कुठलाही अल्कोहोल लावू नका. या तबकड्या लाखेच्या, आणि लाख त्यात विरघळते. डिस्टिल्ड पाण्यात सौम्य साबणाचे दोन-चार थेंब, मऊ ब्रश, खाचेच्या दिशेने हात, लेबल कोरडं. स्टीरिओ काट्रिज (सुई बसवलेला भाग) लावून खाचेच्या दोन्ही भिंती वेगळ्या मुद्रित करा; नंतर जी स्वच्छ ती ठेवा किंवा दोन्ही मिसळा. मिसळल्यावर सुईच्या वरखाली हलण्याचा आवाज बराचसा कटतो. फोनोचा आरआयएए वळसा, म्हणजे वाजवताना खर्ज वाढवून वरचे नाद कमी करण्याचं ठरलेलं प्रमाण, १९५४चा. त्याआधीच्या तबकड्या त्यातून वाजवल्या की खर्ज फुगतो आणि वरची धार बोथट होते. तो वळसा हाताने दुरुस्त करावा लागतो.

सफाईत आधी टिकटिक काढावी, मग खरखर, आणि तीही अर्धीच. जास्त हात फिरला की ओळखू येतो: दोन आलापांच्या मध्ये तानपुरा गायब होतो, शांतता मेल्यासारखी पडते आणि आ-कार पाण्याखालून आल्यासारखा डुचमळतो. मला विचाराल तर खरखरीसकट जिवंत प्रत कधीही बरी.

क्रमाबद्दल मतभेद आहेत. ललितपासून भैरवीपर्यंत प्रहराप्रमाणे लावलेलं संकलन ऐकायला छान, पण आवाज वर्षांगणिक कसा बदलत गेला हे त्यात दिसत नाही. मुद्रणाच्या क्रमाने लावलेलं दिसलं तर तेच घ्यावं. एलपीच्या एका बाजूला सहा-सात तबकडीबाजू बसतात, ऐंशी मिनिटांच्या सीडीवर चोवीसच्या आसपास. त्यामुळे एलपीवरून उतरवलेल्या सीडीत काही बाजू मुळातच गळलेल्या असू शकतात. दोन वेगवेगळ्या प्रकाशनांत त्याच मात्रेवर तीच टिकटिक ऐकू आली, तर दोन्हींचं मूळ एकच समजा. दुसरं विकत घेण्यात अर्थ नाही.

कायद्याचं थोडक्यात: भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षारंभापासून साठ वर्षं. १९६० साली निघालेली तबकडी १ जानेवारी २०२१पासून मुक्त. शब्द आणि चाल यांचा हक्क वेगळा. पारंपरिक बंदिशीला तो प्रश्न येत नाही, नाट्यपदाला किंवा भावगीताला येऊ शकतो.

हाताशी ठेवायला एक माप आहे. 'जात कहाँ हो' ही भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीत गेली. दोनांपैकी नंतर सुटलेलं यान ५ सप्टेंबरला निघालं आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. नासाच्या यादीत या भैरवीची लांबी ३ मिनिटं ३० सेकंद दिली आहे. तुमच्या संकलनातली भैरवी सव्वातीन मिनिटांत आटोपत असेल, तर आधी ती कुठे कापली आहे का ते पाहा. कापलेली नसेल, तर प्लेअरमध्ये वेग सात टक्क्यांनी उतरवून बघा, पण 'सूर कायम ठेवा' हा पर्याय बंद करून.