मोरचुदाची खळ

संत्र्याला डिंक्या, म्हणजे बुंध्यातून डिंक गळायचा रोग, लागू नये म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर आम्ही बुंध्यांना बोर्डो पेस्ट लावतो. 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी. त्यातला चिमूटभर मोरचूद मी दरवर्षी पुडीत बांधून ठेवतो. तो झाडांना नाही, पोथ्यांना लागतो.

जुन्या पोथ्या-पुस्तकं बांधून द्यायचा मला नाद आहे. पैसे घेत नाही, म्हणून काम कमी पडत नाही! मैद्याची खळ शिजवताना त्यात मोरचूद टाकला की झुरळं तोंड लावत नाहीत. अमरावतीच्या एका म्हाताऱ्या बाइंडरनं हे सांगितलं होतं. पहिली दोन पुस्तकं कुरतडून झाल्यावर मला ते पटलं.

खरी मजा उसवण्यात आहे. जुनी शिलाई कापून जुज, म्हणजे दुमडून शिवलेल्या पानांचे गठ्ठे, सुटे केले की घडीच्या पोटातून काय निघेल सांगता येत नाही. अगरबत्तीची राख, बुक्का, एसटीचं तिकीट, एकदा तर वाळून कागदासारखं झालेलं संत्र्याचं फूल. ते होतं तिथंच परत ठेवून शिवून टाकलं.

आमच्या गावात रोज संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना होते, त्यामुळे माझ्याकडे सगळ्यात जास्त येते ती तुकडोजी महाराजांची ग्रामगीता. 41 अध्यायांचा ग्रंथ, रोजच्या हाताळणीनं पाठ सुटते. शेजारच्या आजीनं अशीच एक आणून दिली. मी नवशिका, कडा एकसारख्या दिसाव्यात म्हणून कटरनं सरळ कापल्या. आजी पुस्तक पाहून म्हणाली, "काठाले यायनं लिहून ठेवलं होतं, ते कुठी गेलं?" आजोबांनी समासात बारीक पेन्सिलीनं काहीबाही टिपलं होतं. पाऊस कधी आला, कोणाला किती पायल्या तूर उधार दिली. मी मान खाली घातली. आजी हसली. "बरं झालं बाप्पा, आता कोनाले मांगाचं काम नाही." मला मात्र त्या रात्री झोप आली नाही. कापलेल्या पट्ट्या चुलीत गेल्या होत्या.

तेव्हापासून रिद्धपूरला जातो तेव्हा लीळाचरित्र लिहिणारे म्हाइंभट वेगळे दिसतात. आम्ही काही महानुभाव पंथातले नाही, पण गाव जवळ आणि तिथलं कोणीही "दंडवत प्रणाम" म्हणून चहाला बसवतं. पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी, त्यांचे गुरू गोविंदप्रभू यांचं हे गाव. चक्रधरस्वामी निघून गेल्यावर तेराव्या शतकात म्हाइंभट गावोगाव फिरले, स्वामींना पाहिलेली माणसं गाठली, एकेक लीळा विचारून लिहून घेतली. त्यातून लीळाचरित्र झालं. एकाच प्रसंगाच्या दोन आठवणी निघाल्या तर लीळाचरित्राच्या पोथ्यांत दुसरीही सोडलेली नाही. अशा पाठभेदाला तिथं 'वासना' म्हणतात. कोर्टकचेरीतही साक्षीची इतकी कदर होत नाही. पुढं या पोथ्या सकळ लिपीत गेल्या. अक्षरांची अदलाबदल केलेली सांकेतिक लिपी, ती इतिहासकार वि. का. राजवाडे यांनी उलगडली. मी तिचा तक्ता वहीत उतरवून घेतला आहे. गेला हिवाळाभर बसून मला त्यात स्वतःचं नाव आणि सातबाऱ्यावरचं गावाचं नाव, एवढंच धड लिहिता येतं. असो.

आता कडा कापत नाही. वेड्यावाकड्या राहू देतो. समासात काही सापडलं तर उसवण्याआधी वहीत उतरवतो, पान क्रमांकासकट. गेल्या महिन्यात एका हरिपाठाच्या मागच्या कोऱ्या पानावर गाईच्या तीन वेतांच्या तिथी मिळाल्या. त्याही घेतल्या.

सध्या एक भागवत बांधून झालं आहे. पाठीला आईच्या जुन्या लुगड्याची पट्टी लावली. माझ्याकडे प्रेस नाही, म्हणून दोन फळ्यांमध्ये पुस्तक धरून वर पाटा ठेवला आहे. खळ सुकायला अजून रात्र तरी जाईल, आणि आई दारातून दुसऱ्यांदा विचारून गेली, "ठेचा कायच्यावर वाटू मी, तुह्या भागवतावर?"