चाळीस दिवसांचा पक्षी, तेरा दिवसांचा रिपोर्ट

ब्रॉयलर, म्हणजे मांसासाठी पाळलेला कोंबडीचा पक्षी, चाळिसाव्या दिवसाच्या आसपास गाडीत चढतो. खाद्यातल्या मक्यात बुरशीचं विष आहे का, याचा रिपोर्ट मला नमुना पाठवल्यापासून तेराव्या दिवशी मिळाला. प्रत्यक्ष चाचणी एका दिवसाची. उरलेले बारा दिवस प्रयोगशाळेच्या फॉर्मने खाल्ले.

शेड धुणं, ब्रूडिंग (पिलांना ऊब देणं), पहिला पंधरवडा यात सांगण्यासारखं काही नाही. सोळाव्या दिवशी विष्ठा पातळ झाली, मधूनच नारंगी आव आणि मक्याचे कण जसेच्या तसे. ओली विष्ठा बोटांत चोळली की कण टोचतात. खाद्य घरच्या मिक्सरमधलं, मका ५८ टक्के आणि तोही नवा. उतरवताना ओलावा १६ टक्के होता, साठवायला १३ च्या आत हवा. तिथेच गाडी परत पाठवायची होती.

पचनासाठी खाद्यात फायटेज होतं, इतर एन्झाइम होतं, आतड्यासाठी बॅसिलसचं प्रोबायोटिक आणि कोटेड ब्युटिरेट, शिवाय टनाला १ किलो टॉक्सिन बाइंडर, म्हणजे बुरशीचं विष पकडून ठेवणारी पावडर. सगळं असून हे. अशा वेळी दुकानदार सहावा डबा काढतो. घेऊ नका. आतडं का बिघडलं हे कळेपर्यंत नवा डबा म्हणजे फक्त नवं बिल. २०१९ मध्ये सरकारने जनावरांसाठी कॉलिस्टिन हे अँटिबायोटिक बंद केल्यापासून तर प्रत्येक डब्यावर 'गट हेल्थ' (आतड्याचं आरोग्य) छापलेलं असतं.

आता प्रयोगशाळा. पहिल्यांदा २०० ग्रॅम मका प्लास्टिकच्या पिशवीत पाठवला. चौथ्या दिवशी फोन: नमुना अपुरा, किमान ५०० ग्रॅम हवा. पाठवण्याआधी मी फोन केला होता, तेव्हा हे सांगायला कुणाला सुचलं नाही. दुसरं पार्सल सहाव्या दिवशी पोचलं. फॉर्मवर 'चाचणी' या रकान्यात मी 'बुरशीचं विष' लिहिलं होतं, म्हणून ते तीन दिवस बाजूला पडून. नवव्या दिवशी विचारणा: कोणतं विष? अफ्लाटॉक्सिन बी१, ओक्राटॉक्सिन, टी-२, फ्युमोनिसिन, प्रत्येकाची फी वेगळी. मग शनिवार, रविवार. सोमवारी कळलं की पैसे जमा झालेत, पण पावती क्रमांक फॉर्मवर चढलेला नाही आणि तो चढल्याशिवाय नमुना आत जात नाही. तोपर्यंत पक्षी अठ्ठावीस दिवसांचे.

नमुना काढणं हे खरं काम, आणि ते फॉर्मवर कुठेच लिहिलेलं नसतं. बुरशी पोत्यात ठिकठिकाणी धरते. एक गोणी स्वच्छ, शेजारची भरलेली. वरच्या एका गोणीतून मूठभर घेतलं तर रिपोर्ट त्या मुठीचा. ६० गोण्या असतील तर किमान १५ गोण्यांतून, वरून, मधून आणि तळातून घ्या. चार-पाच किलो जमवा आणि तो सगळा आधी भरडा. न भरडता वाटला तर सडका दाणा एकाच वाट्यात जातो. मग कागदावर पसरून चार भाग करा, समोरासमोरचे दोन काढून टाका, उरलेले मिसळा, पुन्हा तेच. एक किलो राहिलं की थांबा. पिशवी कागदाची किंवा कापडाची. प्लास्टिकमध्ये घाम धरतो आणि बुरशी वाटेतच वाढते. फॉर्मवर विषाचं नाव पूर्ण लिहा. पैसे आधी भरा, पावतीची प्रत नमुन्याच्या पिशवीलाच टाचा.

वाट बघत बसायचं नव्हतं, म्हणून सोळाव्या दिवशीच संध्याकाळी पशुवैद्यकांकडून चार मेलेले पक्षी उघडून तपासून घेतले. आतडं फुग्यासारखं फुगलेलं, आतून टॉवेलसारखं खरखरीत असेल तर क्लॉस्ट्रिडियम हा जिवाणू. तसं नव्हतं. आतड्याची खरवड सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, कॉक्सिडिया या आतड्यातल्या परजीवीची अंडी नाहीत. यकृत मात्र फिकट पिवळं, बोटाने दाबलं की भुगा. संशय मक्यावर गेला तो इथे, अर्ध्या तासात.

तो मका त्याच रात्री बंद केला, जुना आणला, बाइंडर टनाला २ किलो केला. मातीचा बाइंडर अफ्लाटॉक्सिन चांगलं पकडतो, टी-२ आणि फ्युमोनिसिनवर त्याचा भरवसा नाही. पाण्याच्या निपलखालचं ओलं तूस काढून कोरडं टाकलं. लिटर, म्हणजे शेडमधला तुसाचा थर, मुठीत दाबून सोडलं की सुटायला हवं, लाडू झाला तर ओलावा जास्त. पाच दिवसांत विष्ठा बसली.

राहून गेलं: खाद्यात मिसळायची ५०० ग्रॅम पावडर थेट टनभर खाद्यात ओतू नका. आधी ५ किलो भरड्यात, ते २५ किलोत, मग मिक्सरमध्ये. कोलीन क्लोराइड व्हिटॅमिनच्या पिशवीत मिसळून ठेवू नका, ओल ओढून व्हिटॅमिन मारतं. खाद्यात सॅलिनोमायसिन (कॉक्सिडियावरचं औषध) असेल तर टियाम्युलिन हे अँटिबायोटिक चुकूनही देऊ नका, पक्षी पाय टाकतात.

पक्ष्यांच्या पिण्याच्या पाण्यात घालायचं ॲसिड डब्यावर लिहिलंय म्हणून तेवढंच मोजू नका. बोअरचं जड पाणी ॲसिड पिऊन टाकतं. वीस लिटरच्या बादलीत थोडं थोडं घालत पीएच ५.५ ते ६ वर आणा, तो हिशेब टाकीला लावा. ४ च्या खाली गेलं तर पक्षी पाणीच कमी पितात. क्लोरीनच्या पाण्यात प्रोबायोटिक म्हणजे पैसे नाल्यात. लासोटा (राणीखेत रोगाची लस) पाण्यातून द्यायची असेल तर आदल्या दिवसापासून ॲसिड आणि क्लोरीन दोन्ही बंद, लसीच्या पाण्यात लिटरला अडीच ग्रॅम स्किम मिल्क पावडर.

रिपोर्ट: अफ्लाटॉक्सिन बी१ ४६ पीपीबी, म्हणजे अब्जात ४६ भाग. ५८ टक्के मक्याने खाद्यात साधारण २७ येतात, मर्यादा २० ची. तोवर आजार संपला होता. कागद उपयोगी पडायचा तो व्यापाऱ्यापुढे, तर त्याचा पहिलाच प्रश्न: हा माझ्याच मक्याचा कशावरून? म्हणून गाडी उतरतानाच तीन पिशव्या भरून सीलबंद करा, ड्रायव्हरची सही आणि गाडी नंबर त्यावरच घ्या. एक तुमची, एक त्याची, एक प्रयोगशाळेची.

आणि फॉर्मवर ईमेलचा रकाना रिकामा सोडू नका, रिपोर्ट पोस्टाने निघतो. मी फोनवर आकडा लिहून घेतला होता. कागद त्यानंतर आठवड्याने आला, पक्षी गाडीत चढायला चार दिवस उरले असताना.